कॉटर पिन

विचारणारे खूप.
डॉक्टरांना सांगते, गुडघ्यांसाठी.
बहिणीला सांगते, पेट्रोल.
प्रज्योत, भावाचा पोट्टा, त्याला प्रदूषण सांगितलं
तर त्याने फोटोच काढला माझा, आणि म्हणाला, हेल्मेट घालत जा.
तिन्ही उत्तरं खरी आहेत, थोडी थोडी,
मडगार्डवरच्या रंगासारखी: जिथे उरला तिथे काळा.

गोळीबार चौक ते मेडिकल. सायकल एकोणनव्वदची.
तेव्हा मी सदरच्या एका लॅबमध्ये काचपट्ट्या धुवायची.
अकरा हप्ते होते; दहावा चुकला
तेव्हा दुकानदार घरी आला, चहा पिऊन गेला.
पुढे तीन सीटा झाल्या, दोन हँडल, टायर मोजले नाहीत.
कॅरिअर भंगारातलं. घंटी
वाजते फक्त खड्ड्यात, आपली आपण.

आता रक्तपेढीत आहे. सत्तावीस वर्षं.
तिथे फ्रीजचा काटा चारवर
आणि प्रत्येक पिशवीवर तारीख.
पस्तीस दिवस.
छत्तिसाव्या दिवशी लाल तेवढंच लाल दिसतं,
तरी मी रजिस्टरात आडवी रेघ मारते
आणि पिशवी पिवळ्या डब्यात.
त्यावर वाद घालता येत नाही. घालूही नये.

सायकलवर कुठे तारीख छापलेली नाही.
मी शोधली आहे.
सीटखाली एक नंबर आहे, तो फ्रेमचा.

सोमाजी धकाते आधी माग चालवायचे,
रुंद काठाची लुगडी. माग किलोच्या भावात गेला
तेव्हा त्यांनी ओट्यावर हवेचा पंप मांडला.
सायकल उलटी करून ते एकेक आरा बोटाने छेडत,
ताण्याचा धागा पाहावा तसा, डोळे मिटून.
"बाई, ढिला आरा मुका राह्यते.
जास्त कसला तं रडते.
मधातला पाह्यजे."

कॉटर पिन मिळेना झाली त्या वर्षी
इतवारीत सहा दुकानं फिरले.
सातव्यात एक म्हातारा शिडीवर चढला,
वरूनच तेलकट कागदाची पुडी टाकली:
घेऊन जा सगळ्या, तुमच्यामागून कोण येतं.
बावीस होत्या. घरी येऊन हिशेब केला,
वर्षाला एक धरली तर
बहुतेक माझ्याआधी पिना संपायच्या नाहीत.

मे महिन्यात दुपारची ड्यूटी असली
की हवा जरा कमीच ठेवायची, नाहीतर ट्यूब
बडकस चौकात बंदुकीसारखी फुटते
आणि पोह्याच्या गाडीवरचे सगळे
तर्रीचा चमचा हवेत धरून वळतात.
पर्समध्ये कांदा. तोंडाला दुपट्टा, डोळे तेवढे उघडे.
हे सुख आहे असं मी म्हणत नाही.
छेचाळीस डिग्रीत कुणीच काही म्हणू नये.

पण रात्री परतताना,
नागनदीचा पूल येईपर्यंत
मी मनात पिशव्यांचे नंबर म्हणत असते.
कुणाला दिली, कुणाला नाही म्हटलं,
कुणाचा भाऊ खिडकीशी चिठ्ठी घेऊन उभाच राहिला.
पुलावर वास येतो, मी श्वास धरते, जोरात चार पेडल.
पलीकडे श्वास सोडला की
चैनचा आवाज ऐकू यायला लागतो.
हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
सांगायला गेलं तर एवढंसंच होतं.

दिवाळीनंतर सोमाजींचे हात थरथरायला लागले.
एका रविवारी त्यांनी पंप आत नेला
आणि आऱ्यांची चावी माझ्या हातावर ठेवली.
पैसे देऊ लागले तर रागावले,
"काहाले? तुमाले का इकली मी?"

आता मीच उलटी करते तिला, अंगणात, बल्बखाली.
चाक अजून डावीकडे झुकतं,
ब्रेकचं रबर दर फेऱ्याला एकदा
चप् करतं. समोरच्या नंदनवारकाकू म्हणतात,
नवी घे ना वं, किती दिवस चालवशील.

मागच्या चाकात, व्हॉल्व्हपासून चौथा आरा
मुका आहे.
आज अर्धा आटा फिरवला, थोडं बोलला.
बाकीचं उद्या.
उद्या सकाळची ड्यूटी आहे.